माया ठेवू नये

३ ऑगस्ट, सोमवार

मॅडमबाई,

मोठी बहीण म्हणून पत्राच्या वर आशीर्वाद लिहायला हवेत. ते या वेळी राहू देत. तुला ते लागतही नाहीत. तिसऱ्या मजल्यावर, नाचाच्या तालमीत, तुला टाळ्या भरपूर मिळतात.

तुझी चिठ्ठी पोचली. तुझी म्हणजे तुझ्या सहायिकेची. तोच पिवळा चौकोनी कागद, एका ओळीचा: ‘मॅडमनी विचारलंय, बारा सप्टेंबरच्या पहिल्या प्रयोगापर्यंत भिंगरी उभी राहील ना?’ मी तो चार वेळा वाचला. पोटची पोर गुरुवारी तालमीत उभ्याउभ्या कोसळली, आणि तुझा प्रश्न ती उभी राहील का एवढाच. शुद्धीवर आली का, दुखतंय का, रडली का, यातलं काहीच तुला विचारावंसं वाटलं नाही. तीन जिने उतरून एक रस्ता ओलांडलास की माझं घर येतं. तेवढंही तुझ्याच्याने होत नाही. तालीम असते ना!

तर उत्तर ऐक. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरून दाखवला. डाव्या नडगीला चीर आहे. बाई म्हणाल्या, ‘एकोणीस वर्षांच्या मुलीची हाडं अशी नसतात. पाळी किती महिने नाही?’ तुझी लेक छताकडे बघत म्हणाली, ‘आठ.’ हे सांगताना ती चक्क हसली, वर्गात पहिला नंबर आल्यासारखी. दोन महिने नाच बंद, पोटभर जेवण, आणि एका समुपदेशक बाईंकडे आठवड्यातून एकदा जायचं. एवढं केलं नाही तर ती चीर आरपार जाईल आणि मग ती कायमची लंगडेल. हे शब्द डॉक्टरीणबाईंचे आहेत, माझे नाहीत. माझे शब्द मी तुझ्यासाठी राखून ठेवलेत.

ती माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील.

– कपडेपटवाली (तुझी बहीण, आठवत असेल तर)

९ ऑगस्ट, रविवार

मॅडमबाई,

सहायिकेने पुडकं आणून दिलं. मला वाटलं, पोरीसाठी फळं असतील. उघडून बघते तर पत्रकं! गुळगुळीत कागद, हसऱ्या मुलीचं चित्र, वर मोठ्या अक्षरांत ‘माझं शरीर, माझा मित्र’. मार्चमधल्या कार्यशाळेची उरलेली. ‘भिंगरीला वाचायला द्यावीत’ अशी सोबत चिठ्ठी. तुझ्या निर्लज्जपणाला खरंच तोड नाही.

ती कार्यशाळा मी विसरलेली नाही. प्रायोजकांनी अट घातली म्हणून तू एक गोड आवाजाची बाई बोलावलीस. तिने पोरींना खाकी कागदावर झोपवलं, अंगाभोवती खडूने रेषा मारल्या आणि त्या आकृतीत स्वतःबद्दल आवडणाऱ्या गोष्टी लिहायला लावल्या. पोरींनी बिचाऱ्यांनी मनापासून लिहिल्या. एकीने लिहिलं, ‘माझे गुडघे मजबूत आहेत.’ बाई फोटो काढून गेली आणि तू हातात लाल पेन घेऊन भिंतीवर लावलेल्या त्या सतरा कागदांसमोरून चालत गेलीस. ‘ही कंबर बघा. ही मांडी बघा. आता रेषाच खोटं बोलतेय का?’ मी तिथेच झालरींचं गाठोडं घेऊन उभी होते. गुडघेवाली पोर त्यानंतर आठवडाभर नुसत्या काळ्या कॉफीवर होती.

आणि सोमवारच्या वजनकाट्याचं नाव त्याच महिन्यात ‘स्वास्थ्य-संवाद’ झालं. काटा तोच, आकडा मोठ्याने वाचणारी तूच. संवाद कसला डोंबलाचा!

तुला वाटतं, पोरींची शरीरं तू घडवतेस. शरीरं मला विचार. सव्वीस वर्षं माझ्या हातांखालून गेली आहेत. शिवणाऱ्या माणसाला एक शब्द ठाऊक असतो: माया. शिलाईच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडायचं, म्हणजे अंग भरलं तर उसवून सैल करता येतं. माणूस वाढतो, सुजतो, जेवून येतो, बाईमाणसाचं पोट महिन्याला फुगतं, हे कापणाऱ्याने आधीच धरून चालायचं असतं. आणि तू दोन वर्षांपूर्वी कपडेपटाच्या दारावर कागद लावलास: ‘यापुढे कोणत्याही पोशाखात माया ठेवू नये.’ खाली सही. का, तर माया ठेवली की पोरी सुटतात!

त्याच हुकमाने त्या उंच पोरीचा बळी घेतला. तिला ढोली हे नाव तूच दिलंस. भर प्रयोगात तिला वर उचललं आणि बरगडीपाशी पोशाख टरकन फाटला. आत माया असती तर नसता फाटला. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘कापडाला तरी लाज आहे.’ आणि तिला काढून टाकलंस. त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोलत नाही. दीड वर्ष झालं. मला वाटत होतं, मी फार मोठा निषेध करतेय.

पोरीचं विचारलं नाहीस तरी सांगते. केळ्याचे अकरा तुकडे करते आणि तीन खाते. मनगटाला अंगठा आणि बोट लावून बघते, दिवसातून चाळीसदा. मी कपाटाच्या आरशावर चादर टाकली, तर ती बंद टीव्हीच्या काचेत बघते. परवा मी टीव्हीसमोर खुर्ची टाकून बसले, तेव्हा म्हणाली, ‘मावशी, तू काय पहारा देतेस का?’ म्हटलं, हो. तेव्हा थोडीशी हसली आणि चौथा तुकडा खाल्ला.

१७ ऑगस्ट, सोमवार

मॅडमबाई,

तू फोन केलास हे बरं केलंस की वाईट, हे मला विचारू नकोस. तिने फोन स्पीकरवर ठेवला होता, मी भिंतीपलीकडून ऐकत होते. मला लाज नाही. ‘तू आराम कर, घाई काही नाही, बाकीच्या मुली अगदी जीव तोडून करताहेत, आपल्या संघातली ती धाकटी तुझी जागा फार छान भरतेय. चोवीस तारखेपर्यंत आलीस तर तुझी जागा तुझी.’ काय तो मधाळ आवाज! इतकी वर्षं मी तो प्रायोजकांसाठीच ऐकला होता. फोन ठेवल्यावर तुझी लेक पांघरूण डोक्यावर घेऊन झोपली. दुपारी नाही जेवली, संध्याकाळी नाही जेवली. समुपदेशक बाईंनी दोन भेटींत तिला कसंबसं सहा चमचे भातापर्यंत आणलं होतं. तुझ्या चार मिनिटांनी ते धुऊन निघालं.

तिला चोवीसला पाठवणार नाही. तू चिठ्ठ्यांचा ढीग लाव.

त्या समुपदेशक बाई तुझ्या गोड आवाजवालीसारख्या नाहीत. जाड भिंगांचा चष्मा, सतत शिंका. स्वतःवर प्रेम कर वगैरे काही म्हणत नाहीत. म्हणतात, ‘आवडायची घाई नको. आधी त्याला त्रास देणं थांबवू.’ परवा त्यांनी विचारलं, शरीर बारीक झालं की नाही हे तुला कशावरून कळायचं? काट्यावरून? तर म्हणाली, काटा खोटा असू शकतो. पोशाखावरून.

घरी येताना मला म्हणाली, ‘मावशी, माझा तो निळा पोशाख आणतेस? एकदाच घालून बघते. तो घातल्याशिवाय मला काही कळतच नाही.’ मी म्हटलं, तो धुवायला टाकलाय. मग म्हणाली, ‘तो कधीच सैल झाला नाही गं. मी काय काय केलं. दर आठवड्याला वाटायचं, आता तरी होईल. घातला की तसाच घट्ट. मग वाटायचं, अजून कमी पडतंय.’

कुकरची शिटी झाली म्हणून स्वयंपाकघरात गेले. शिटी झाली नव्हती.

या सगळ्याला तू जबाबदार आहेस. तू आणि तुझा काटा आणि तुझा तो कागद. हे मी पुन्हा लिहून ठेवते.

२४ ऑगस्ट, सोमवार

आज चोवीस तारीख. ती इथेच आहे. सकाळी सहायिका दारापर्यंत येऊन गेली, मी दार उघडलं नाही.

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी रागाने लिहिलं नव्हतं, भीतीने लिहिलं होतं. आता जे लिहिते ते वाचून तुला आनंद होईल. होऊ दे.

मे महिन्यात एका सोमवारी ती निळा पोशाख घालून आली आणि मला कंबरेपाशी सुरकुती दिसली. बोटभर सैल. माझ्या हातून सैल पोशाख रंगमंचावर कधी गेलेला नाही, ही माझी मिजास तुला माहीत आहे. ती घरी गेल्यावर मी तो आत घेतला. एक टीप इकडे, एक तिकडे. पुढच्या सोमवारी पुन्हा सुरकुती. पुन्हा आत घेतला. तिला सांगितलं नाही, कारण सांगायचं काय त्यात? भांडी घासतो तसं ते काम. असे नऊ सोमवार. आणि आत घेतलेलं कापड दर वेळी कापून टाकलं, कारण माया ठेवायची नाही असा तुझा हुकूम! हुकूम तुझा, पण कात्री मी चालवली.

ती उपाशी राहत होती आणि मी तिच्या उपासाचा पुरावा दर आठवड्याला नीटनेटका कापून केराच्या टोपलीत टाकत होते. तिला वाटत होतं, काहीच फरक पडत नाही. शेवटच्या सोमवारी मापाच्या टेपवर तिची कंबर बघून माझा हात थबकला होता. मला कळलं होतं. शपथेवर सांगते, मला कळलं होतं. आणि मी काय म्हणाले असेन? ‘छान बसतोय.’

तू मला आत घ्यायला सांगितलं होतंस, असं मी इतके दिवस स्वतःला पटवत होते. तू कधीच सांगितलं नव्हतंस. तुझ्या तोंडावर थुंकायचा हक्क मला आहे असं समजून मी तीन पत्रं लिहिली. तुझ्याइतकीच मीही हलकट निघाले. तू निदान मोठ्याने ओरडत होतीस.

तिला अजून सांगितलेलं नाही.

– ताई

२९ ऑगस्ट, शनिवार

वा, मॅडमबाई. तुझ्याकडून मला चांगुलपणाची अपेक्षा नव्हती, पण इतक्या खालच्या पायरीचीही नव्हती. ‘सोमवारपर्यंत भिंगरीला तालमीला पाठवावं, अन्यथा आपलं चोवीस तारखेचं पत्र तिला वाचायला देण्यात येईल.’ देण्यात येईल! सरकारी नोटीस लिहितेस का? आणि ते त्या सहायिकेकडून लिहून घेतलंस. म्हणजे तिनेही वाचलं. वाचू दे. सगळ्या इमारतीला वाचून दाखव.

तुझ्या हातात काही उरलेलं नाही. गुरुवारी मीच तिला सांगितलं.

दुपारी कपडेपटातून निळा पोशाख घरी आणला, उलटा केला आणि तिच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, शिलाई बघ. तिला आधी कळेना. मग ज्या अस्तराला मी कात्री लावली नव्हती त्यावर टिपांच्या खुणा दिसल्या, एकीशेजारी एक, जुन्या उसवलेल्या, नवी घातलेली. तिने नखाने मोजल्या. नऊ. पुन्हा मोजल्या.

‘हे कोणी केलं?’

‘मी.’

‘आईने सांगितलं होतं?’

इथे मला खोटं बोलता आलं असतं. तिचा विश्वास बसला असता, आणि तुलाही ते नाकारता आलं नसतं, तुझी कीर्तीच तशी आहे. मी म्हटलं, ‘नाही. माझ्या मनाने.’

‘म्हणजे तो सैल होत होता.’

‘दर आठवड्याला.’

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती कुबडी घेऊन उठली, फ्रीज उघडला, पाव काढला, उकडलेली अंडी काढली आणि ओट्याशी उभी राहून खाऊ लागली. माझ्याकडे बघत. दोन अंडी, चार पाव, वर ग्लासभर दूध. ओठांवरून दूध ओघळलं ते मनगटाने पुसलं. मी म्हटलं, हळू खा, एकदम नको. तर म्हणाली, ‘तू मला काही सांगायचं नाहीस. आईनेही नाही. तुमच्या दोघींच्या नाकावर टिच्चून जेवणार आहे मी.’

मग पोटात कळ आली म्हणून तासभर पडून राहिली. मला जवळ येऊ दिलं नाही. संध्याकाळी तिने फोन करून बोलावलेली ढोली गाडी घेऊन आली आणि तिला घेऊन गेली. हो, तीच, तू काढून टाकलेली. ती आता पोहायला शिकवते. खांदे असे रुंद झालेत की दारातून तिरकी आत आली, आणि किती देखणी दिसते ते तुला सांगून उपयोग नाही. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. तिचा पोशाख फाटला त्या दिवशी तो माझ्या हातचा होता आणि मी गप्प उभी होते, हे ती का विसरेल?

तेव्हा सोमवारी वाट बघू नकोस.

१३ सप्टेंबर, रविवार

मॅडमबाई,

पहिल्या प्रयोगाबद्दल अभिनंदन. धाकटीने भिंगरीची जागा भरली, टाळ्या पडल्या, तू तिसऱ्यांदा वाकून नमस्कार केलास तेव्हा पडदेवाल्याने जांभई दिली.

आज सकाळी सहायिकेने विचारलं की सतरा पोशाखांचं शिवणकाम ‘ठरल्याप्रमाणे’ का नाही. बरोबर हेरलंस. सगळ्यांत माया ठेवली आहे, दोन दोन बोटं, दोन्ही बाजूंना. दारावरचा तुझा कागद काढला. फाडला नाही, त्याच्या मागच्या बाजूला बटणांची यादी लिहिली आहे.

फिटिंगची पद्धतही बदलली. कपडेपटात आता आकडा मोठ्याने बोलायचा नाही. माझ्या वहीत लिहिते आणि वही मिटते. पोरींना म्हणते, हात वर करा, खाली बसा, खोल श्वास घ्या, आता खो खो हसा. कुठे आवळतंय सांगा. आवळलं तर चूक कापडाची, आणि कापडाची चूक म्हणजे माझी. पहिल्या दिवशी सगळ्या पोट आत ओढूनच हसत होत्या, त्या भेदरलेल्या हसण्याची तुला कल्पना नसेल. गुडघेवाली म्हणाली, ‘मावशी, हे तुम्ही आमचं मन राखायला म्हणताय.’ मी म्हटलं, मन राखायची मला सवय नाही, तुमच्या मॅडमची बहीण आहे मी. तेव्हा तिने पोट सोडलं. पोशाख बरगडीला आवळत होता. तिच्यासमोर उसवला आणि सैल केला. आरशात बघण्याआधीच तिने एक गिरकी घेतली.

आणि धाकटी. सोळा वर्षांची आहे. प्रयोगाआधी तिचा पोशाख बोटभर सैल होता. मी टीप घातली नाही. तिला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, ‘काल काय जेवलीस?’ तिने इकडेतिकडे बघितलं. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा तिने खरं सांगितलं. तिला मी त्या शिंकणाऱ्या बाईंचा नंबर दिला आहे, तिच्या आईलाही फोन केला आहे. काल तुला तिच्या कंबरेवर जी सुरकुती दिसली ती मी मुद्दाम ठेवली होती. तिला दिसावी म्हणून, तिच्या आईला दिसावी म्हणून. तुला दिसून काही उपयोग नाही.

मला काढायचं तर काढ. माझ्या जागी येणारीला सगळं समजावून सांगायला मी दारात उभी राहीन.

३ ऑक्टोबर, शनिवार

काल तू खाली आलीस. मी मान वर केली नाही, कारण सहायिकाच असेल असं वाटलं. तू दारात उभी होतीस, चष्मा नव्हता, केस बांधलेले नव्हते. पोरी होत्या म्हणून तू हळूच विचारलंस, ‘ताई, ती जेवते का?’

मला वाटलं, लहानपणीची सगळी वर्षं ज्या हाताने तुला घास भरवला त्या हातानेच तुला बाहेर ढकलावं. तेवढ्यात तू निघूनही गेलीस. तुझी चाल पूर्वीसारखी ताठ नाही आता.

प्रश्न तू पहिल्यांदाच नीट विचारलास, तेव्हा उत्तर देते.

जेवते. दोन वेळा, कधी तीन. एखाद्या दिवशी ताट तसंच ठेवते, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते. मनगट मोजणं सुटलेलं नाही, कमी झालंय. नवा फोटो काढला, चीर भरत आली आहे. पाळी अजून नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येईल. नाचायचं की नाही ते तिने ठरवलेलं नाही, आणि तिला कोणी विचारायचं नाही असा ढोलीचा हुकूम आहे. हा हुकूम मी पाळते.

पत्ता तुला देणार नाही. भिंगरीने नको म्हटलंय.

मला पत्ता ठाऊक आहे, पण त्याने तू जळू नकोस. काल तू गेल्यावर मी तिकडे गेले. ढोलीने दार अर्धं उघडलं आणि वर लिहिलं ते सगळं मला उंबरठ्यावर उभं करूनच सांगितलं. मी विचारलं, आत येऊ? तिने मागे वळून बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली. नाही.

दार लागलं. आतून चमच्याचा आवाज येत होता, ताटावर, सावकाश. तो थांबेपर्यंत मी जिन्यात उभी राहिले.

– ताई